सात पायऱ्या, नऊ पायऱ्या

९ जानेवारी

ताई,

वाकून नमस्कार. खरोखरच वाकलोय, कारण टेबल इतकं बुटकं आहे की त्याशिवाय लिहिता येत नाही.

बातमी आधी सांगतो, नाहीतर तू दोन ओळी वाचून खालची सही बघायला जाशील. तुझं नाव यादीत आलं! भावाने बहिणीला बोलावून घ्यायचा जो अर्ज मी केला होता, तो तीन वर्षं कुठल्यातरी कपाटात झोपला होता. तो एकदाचा बाहेर निघाला. येत्या काही महिन्यांत तुला छावणीच्या कार्यालयात मुलाखतीला बोलावतील. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. खांद्यावर ओल्या चादरींचं गाठोडं होतं, ते तसंच घेऊन मी उभा राहिलो. शेवटी मुकादम म्हणाला, "अरे, आनंद झाला असेल तर खाली ठेवून कर की."

काम तेच, हॉस्पिटलच्या धुलाईघरात. पूर्वी मी इस्त्रीच्या यंत्रावर होतो, आता उचलायच्या कामावर घातलंय. एकेक गाठोडं पन्नास-साठ किलोचं. तुझा काडीपैलवान आता ते एका झटक्यात उचलतो. तुझा विश्वास बसणार नाही हे माहीत आहे, तरी नोंद करून ठेव.

तुझी खोली तयार आहे. म्हणजे घर एकाच खोलीचं होतं, मधे कपाट आडवं लावून मी तिच्या दोन केल्या. खिडकी तुझ्या बाजूला. शेजारी एक आजी राहतात, आयुष्यभर कुठल्याशा कचेरीत टायपिस्ट होत्या. त्या रोज विचारतात, "आली का रे बहीण?" जशी काही तू कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आहेस.

आता एक महत्त्वाचं. आपल्या जन्माचे कागद गावच्या कचेरीबरोबर जळाले, आणि भावंडांच्या बाबतीत नुसत्या रक्ताच्या तपासणीवर हे लोक विसंबत नाहीत. फोनवर बोललेलंही पुरावा म्हणून चालत नाही. वकीलबाई म्हणाल्या, पत्रं लिहा, शिक्क्याच्या पाकिटासकट जपा आणि मुलाखतीला सगळी घेऊन जा. तेव्हा यापुढे फोन कमी आणि माझं अक्षर जास्त. सहन कर.

तुझा
भोपळ्या


२ फेब्रुवारी

भोपळ्या,

पोटभर आशीर्वाद आणि एक टपली. टपली अक्षरासाठी.

पत्र मी छावणीच्या शिवणकेंद्रातच उभ्याने वाचलं आणि मग मटकन खाली बसले. बायकांना वाटलं कुणीतरी गेलं. त्यांना समजावता समजावता माझ्याच डोळ्यांतून पाणी, मग त्यांना पक्कंच वाटलं. असो. सगळं ठीक आहे. शिवणकेंद्रात बावीस यंत्रं आहेत. त्यातली सतरा चालतात आणि उरलेल्या पाचांचे भाग काढून मी या सतरांना घालते. बाबांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, "पोरी, तू दुरुस्ती करत नाहीस, चोऱ्या करतेस."

तुझी पत्रं सुटी राहिली तर इकडच्या वाऱ्यात एक शिल्लक राहणार नाही. म्हणून पाकिटासकट, समास धरून, यंत्रावर शिवून वही करायला घेतली आहे. जाड सुई लागते.

तुला पाढे शिकवणारे मास्तर आठवतात ना? ते आता मुलाखतीचा वर्ग घेतात. भिंतीवर वर्तमानपत्राची कात्रणं लावतात. त्यांचं म्हणणं, जगभरातल्या शंभर निर्वासितांमागे वर्षाला एकालासुद्धा असं कायमचं घर मिळत नाही, आणि जे देश लोकांना घ्यायचे तेही हात आखडते घेताहेत. एकाने आकडा निम्म्यावर आणला, दुसऱ्याने दारच लावून घेतलं. आमच्या ओळीतल्या तीन घरांना विमानाची तारीख मिळून रद्द झाली. बिचाऱ्यांनी भांडी वाटून टाकली होती, आता स्वतःचीच पातेली उसनी मागत फिरतात. म्हणून मी विमानात बसेपर्यंत चमचासुद्धा कुणाला देणार नाही.

तुझे डोळे जात चालले होते म्हणून बारा वर्षांच्या तुला उपचाराच्या यादीत तिकडे नेलं. सोबत मोठं माणूस हवं म्हणून मावशी गेली आणि अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी मी राहिले. त्याचा मला पश्चात्ताप नाही रे. पण आईला जाऊन तीन वर्षं होऊन गेली आता, मावशीही राहिली नाही. आपण दोघंच. आता एका छपराखाली यावं असं फार वाटतं.

मास्तर म्हणतात, नातं खरं की खोटं हे बघायला ते दोघांना वेगवेगळं घराबद्दल विचारतात. दार आत उघडायचं की बाहेर? पाण्याचं पिंप कुठे होतं? उत्तरं जुळली नाहीत तर अर्ज बाद. तू बारा वर्षांचा असताना काय सांगितलंस आणि तीन वर्षांपूर्वी अर्जात काय लिहिलंस, ते सगळं कळव. काही गाळू नकोस आणि काही पदरचं घालू नकोस. तुला घालायची खोड आहे.

माझी तब्येत ठणठणीत. विचारशीलच म्हणून लिहिलं.

तुझी
ताई


२० फेब्रुवारी

ताई,

पदरचं काही घातलेलं नाही. वकीलबाईंकडून माझ्या दोन्ही जबान्यांची नक्कल आणली आणि बघून लिहितोय.

घर वरच्या मजल्यावर, जिना बाहेरून. दार आत उघडायचं आणि खाली घासायचं. पाण्याचं पिंप दाराच्या डाव्या हाताला, त्यावर फुटक्या कानाचं झाकण. आई खिडकीजवळ झोपायची, बाबा दाराजवळ, तू आणि मी मधे. तू माझं पांघरूण ओढायचीस. (हे जबानीत नाही, पण खरं आहे.) भिंतीवर दिनदर्शिका आणि तिच्यामागे पोपडा निघालेला.

जिन्याला सात पायऱ्या. हे मी दोन्ही वेळा सांगितलंय, आणि त्या अगदी पक्क्या लक्षात आहेत, कारण शाळेतून आलो की मी मोठ्याने मोजत चढायचो. सातवी आली की मशीनच्या तेलाचा वास यायचा आणि लगेच दार. म्हणून मी असंही सांगितलंय की बाबांची दुरुस्तीची खोली वर, दाराला लागूनच होती.

आपण सोडून आलो तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, पण बघ, किती आठवतंय. डोळे मिटले की अजून चढता येतं.

आजींनी तुझ्या खिडकीला पडदा शिवून दिला. हाताने. टाके बघून तू नाक मुरडशील, पण त्यांच्यासमोर मुरडू नकोस.

भोपळ्या


१४ मार्च

भोपळ्या,

पिंप बरोबर, झाकण बरोबर, दार बरोबर. पोपडा तर मीही विसरले होते. वाचताना घर असं समोर आलं की केंद्रात एका बाईच्या यंत्राला मी दोरा उलटा ओवला.

पण पायऱ्या नऊ! सात कुठून काढल्यास? त्या बाबांनी स्वतःच्या हातांनी घातल्या होत्या. मी अकरा वर्षांची होते, तुझा पत्ताही नव्हता. मी रोज त्यांना पाणी नेऊन द्यायचे आणि एकेक पायरी होताना बघायचे. सिमेंट ओलं असताना तिसरीवर मी अंगठा उठवला होता, तो शेवटपर्यंत तिथे होता. आणि दुरुस्तीची खोली वर नव्हती रे, खाली होती, जिन्याच्या पोटात. वर तेलाचा वास यायचं काही कारणच नाही. बाबांना आईची सक्त ताकीद होती, तेलाचे हात घेऊन वर यायचं नाही.

मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "तो सातच्या पुढे अडायचाच. साताचा पाढा त्याने मला तीन महिने पुरवला." तर हे असं आहे. सहा वर्षांच्या पोराला सातपर्यंत मोजता येत होतं, पुढे दार आलं म्हणून सुटला.

जाऊ दे. मी नऊ सांगेन आणि म्हणेन, भाऊ लहान होता. खरं ते खरं.

ताई


१ एप्रिल

ताई,

हात जोडतो, असं करू नकोस.

तुझं पत्र घेऊन मी कामावरून थेट वकीलबाईंकडे गेलो. त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, मागच्या वर्षीपर्यंत अशा बारीक फरकांकडे कानाडोळा करायचे. आता जागाच इतक्या कमी ठेवल्यात की नाही म्हणायला निमित्त शोधतात. गेल्या महिन्यात एका आईचा अर्ज परत आला, कारण मुलाने भिंत हिरवी सांगितली आणि तिने निळी. आणि माझ्या कागदांत सात हा आकडा एकदा नाही, दोनदा आहे. मला आता तो बदलता येत नाही. बदलला तर म्हणतील, तेव्हा खोटं बोललास की आता?

मला तर अजूनही सातच आठवतात. पण समज मी चुकलो. समज नऊ असतील. तरी तू सात म्हण. दुरुस्तीची खोलीही वर म्हण. दोन पायऱ्यांनी कुणाचं काय जातंय? घर तर राहिलेलं नाही. बाबा नाहीत, आई नाही. तुझ्यामाझ्याशिवाय त्या मोजायला आता आहे कोण?

मी इथे अकरा वर्षं आहे. दर सणासुदीला, दर आजारपणात, लोक विचारतात तुमचं कोण आहे, आणि मी म्हणतो, ताई आहे, येणार आहे. आता ते ऐकून लोक नुसती मान हलवतात. मला तू हवी आहेस. पायऱ्या नकोत.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. चुकूनही कुणाच्या हाती पडता कामा नये.

भोपळ्या


२२ एप्रिल

भोपळ्या,

तुझं पत्र वाचून राग आला. मग रडू आलं. मग पुन्हा राग आला, पण तो तुझ्यावर नव्हता.

आपल्या घराचं माझ्याकडे काही उरलेलं नाही. किल्ली नाही, फोटो नाही. जे आहे ते डोक्यात, आणि तेवढं तरी मोडतोड न करता ठेवावं असं वाटत होतं. बाबांनी दोन महिने खपून केलेला जिना, त्यातल्या दोन पायऱ्या मी माझ्या तोंडाने काढून टाकायच्या. दोन पायऱ्यांनी कुणाचं काय जातंय, असं तू विचारतोस. माझं जातं रे.

पण तू लिहिलंस की तुला पायऱ्या नकोत. ते मी पाच-सहा वेळा वाचलं. बाबा असते तर त्यांनीच हातोडा घेऊन दोन फोडल्या असत्या आणि म्हणाले असते, जा पोरी.

सात म्हणेन. खोली वर म्हणेन. आता काळजी करू नकोस.

मुलाखत १९ मेला आहे. मास्तर रोज माझी उजळणी घेतात. "किती पायऱ्या?" "सात." तरी म्हणतात, "सांगताना छताकडे बघू नका."

पत्र फाडलं.

ताई


१५ जून

ताई,

मुलाखत होऊन महिना होत आला. पत्र नाही. फोन लावला तर बंद लागतो. मास्तरांच्या फोनवर लावला, ते म्हणाले, "ती ठीक आहे, लिहील." इतकंच. मास्तर कधी इतकं थोडं बोलतात का?

काय झालं ते कळव. वाईट असेल तरी कळव. मी रागावणार नाही, मला रागवायचा हक्कही नाही. गेले आठ दिवस मनात एकच येतंय, मी तुला खोटं बोलायला लावायला नको होतं. तू नऊ म्हणाली असशील तर बरंच केलंस.

आजी आता विचारत नाहीत. नुसत्या दार उघडून बघतात आणि लावून घेतात.

भोपळ्या


२८ जून

भोपळ्या,

लिहायला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. आता जसं झालं तसं सांगते. शेवटपर्यंत वाच, मधे घाबरू नकोस.

पत्र्याची खोली, एक टेबल. समोर अधिकारीबाई, माझ्याच वयाच्या असतील, सर्दी झालेल्या. बाजूला दुभाषी, सभ्य म्हातारे गृहस्थ. तासभर विचारलं. दार, पिंप, झाकण, कोण कुठे झोपायचं. सगळं घडाघडा सांगितलं. मग पायऱ्या. मी म्हटलं सात. छताकडे बघितलं नाही. बाईंनी लिहून घेतलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी कोरा कागद आणि पेन्सिल पुढे केली. म्हणाल्या, घर काढून दाखवा.

आता मी कोणाची मुलगी? लहानपणापासून बाबांबरोबर यंत्रांची चित्रं काढत आले. कागद आला की हात आपोआप चालतो, तोंडाला विचारत नाही. भिंती काढल्या, खिडकी काढली, जिना काढला, त्याच्या पोटात दुरुस्तीची खोलीसुद्धा काढली. मलाच छान वाटलं. बाईंनी पेन्सिलीच्या टोकाने पायऱ्या मोजल्या. एक, दोन... नऊ.

आणि काय बोलले असेन? म्हटलं, "खोडरबर मिळेल का?"

हसू नकोस. दुभाषींनी त्याचं इमानदारीत भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, नाही मिळणार. मग म्हणाल्या, पुरावा म्हणून पत्रं आणलीत का? मी पिशवीतून वही काढून दिली.

भोपळ्या, मी तुझं ते पत्र फाडलं नव्हतं. तुला खोटंच लिहिलं. तुझ्या हातचं अक्षर फाडायचं म्हटलं की माझे हात चालत नाहीत. आलं तसं शिवून टाकलं होतं, दुहेरी टीप घालून. आणि घाबरलेल्या अवस्थेत सगळी वहीच पुढे केली. दुभाषी एकेक पत्र वाचून सांगत गेले. मी मनात देवाचा धावा करत होते की बाईंना कंटाळा यावा. नाही आला. 'सात म्हण' आलं, 'दुरुस्तीची खोलीही वर म्हण' आलं, आणि मग 'वाचून झालं की फाडून टाक'. ते परक्या भाषेत ऐकताना वाटलं, संपलं. तुझी अकरा वर्षं, माझी छावणीतली सतरा, सगळं माझ्या दुहेरी टिपेने घालवलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुमचा भाऊ दोनदा सात म्हणाला, आणि तेलाचा वासही म्हणाला. का?"

मी चिडून म्हटलं, "कारण त्याला मोजता येत नाही!"

त्या म्हणाल्या, "तो शाळेतून यायचा, तेव्हा काय व्हायचं ते दाखवा."

सांगा नाही म्हणाल्या, दाखवा म्हणाल्या. मग मी उठले. म्हटलं, हे बघा, मी खाली बाबांच्या हाताखाली काम करत असायचे, हा गल्लीतून ओरडत यायचा, दप्तर माझ्याकडे फेकायचा आणि जिना चढायला लागायचा. मी मागून. हा मोठ्याने मोजायचा, एक, दोन, तीन... आणि मोजता मोजता मी त्या पत्र्याच्या खोलीत एकेक पाऊल पुढे टाकत होते. सात म्हटलं आणि माझे दोन्ही हात आपोआप खाली गेले, काखेत घालून काहीतरी उचलायला. मी उचललंही. आणि गुडघ्यातून कळ आली आणि मी जमिनीवर बसले.

तिथे बसल्याबसल्या आठवलं रे. सतरा वर्षांनी.

सातव्या पायरीला बाबांचं सिमेंट संपलं होतं. वरच्या दोन पायऱ्या त्यांनी यंत्राच्या खोक्याच्या फळ्यांच्या केल्या होत्या. पुढे पक्क्या करू म्हणाले, ते राहिलं ते राहिलंच. त्या फळ्यांच्या फटीतून खालची खोली दिसायची आणि तू भ्यायचास. सातवीवर थांबायचास, डोळे मिटायचास आणि दोन्ही हात वर करायचास. मी तुला उचलायचे आणि तू माझ्या मानेत तोंड खुपसायचास. माझ्या अंगाला दिवसभराचं मशीनचं तेल.

मग दार.

तू बरोबर मोजलंस, बाळा. आठवी आणि नववी तू कधी चढलाच नाहीस.

मी हे सगळं जमिनीवर बसूनच सांगितलं. दुभाषी भाषांतर करायचं विसरले. बाईंनी टेबलावर टकटक केली तेव्हा भानावर आले. बाईंनी खूप वेळ लिहिलं. मग विचारलं, फाडायला सांगितलेलं पत्र शिवून का ठेवलं? मी म्हटलं, "त्याने लिहिलंय, 'मला तू हवी आहेस.' ते कसं फाडू?"

निकाल टपालाने येईल म्हणाल्या. मास्तर म्हणतात, ठरवून आलेले लोक असे भांडत नाहीत. पण मास्तरांनी ज्यांना ज्यांना धीर दिला ते सगळे अजून इथेच आहेत. तेव्हा आशा जरा बेतानेच ठेव.

गुडघ्याचं वाचलंस, ते विशेष काही नाही.

ताई


१९ जुलै

ताई,

तुझं पत्र मी धुलाईघराच्या मागच्या पायरीवर बसून वाचलं. मुकादमाने दोनदा हाक मारली, मग येऊन माझं तोंड बघितलं आणि स्वतःच गाठोडी उचलायला गेला.

मला तुझी मान आठवते. म्हणजे आधीही आठवतच होती, पण मला वाटायचं ते घर आहे.

इतकी वर्षं मी तिथे आईला आणि तुला सोडून आलो, हे मनात टोचत होतं. कुणाला बोललो नाही. आज का कोण जाणे, ते जरा कमी टोचतंय.

निकाल काहीही लागो. गुडघ्याचं विशेष काय आहे ते मात्र लिही.

भोपळ्या


११ नोव्हेंबर

भोपळ्या,

मंजूर झालं.

कागद परक्या भाषेतला, म्हणून तीन वेळा वाचून घेतलं, मास्तरांकडून, मग केंद्रातल्या बाईंकडून, मग पुन्हा मास्तरांकडून. नातं मान्य, अर्ज मान्य. विमान ६ फेब्रुवारीला, तारीख मागेपुढे होऊ शकते. आमच्या वस्तीतून या खेपेला अकराच जण. गेल्या खेपेला चाळीस होते. शेजारीण माझ्या गळ्यात पडून रडली आणि मला तिच्याकडे बघवेना, कारण तिचं नाव नाही.

आता गुडघ्याचं. दोन्ही गेले आहेत. आईला आठ वर्षं उचलत होते ना, उठवायला, न्हाऊ घालायला, ऊन दाखवायला. तेव्हा काही वाटलं नाही, आता गुडघे त्याचा हिशोब मागतात. काठी घेऊन चालते. पस्तिसाव्या वर्षी म्हातारी झाले. डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय, शक्य तोवर जिने चढू नयेत.

तू खोलीचं, खिडकीचं, पडद्याचं सगळं लिहिलंस, पण घर कितव्या मजल्यावर ते एकदाही लिहिलं नाहीस. तू गाळलंस म्हणजे ते तळमजल्यावर नाही, इतकं मी तुला ओळखते.

खरं सांगू? कागद हातात आल्यापासून भीती वाटतेय. तुला कमावती ताई आठवते, एका हाताने तुला उचलणारी. तिच्या जागी ही लंगडी तुझ्या गळ्यात पडायची. तू तरुण आहेस, तुझा संसार व्हायचाय. नाही आले तर चालेल का, असं मास्तरांना विचारलं. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

तू सांग. मनापासून सांग, मला बरं वाटावं म्हणून नको.

ताई


३ डिसेंबर

ताई,

मास्तरांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की दोन दिवस फार कमी झाले.

कबूल करतो. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. लिहिलं नाही, कारण तू 'ठणठणीत' लिहिलं होतंस आणि मला ते खरं वाटलं होतं. म्हणजे आपण दोघं सारखेच निघालो. त्या अधिकारीबाईंना हे आधी कळलं असतं तर मुलाखतच घ्यावी लागली नसती.

जिन्याला चौपन्न पायऱ्या आहेत. माझ्या मोजण्यावर कुणाचा विश्वास नाही, म्हणून तीनदा मोजल्या आणि तिसऱ्या वेळी आजींना साक्षीदार घेतलं. तळमजल्याच्या घरासाठी नाव नोंदवलंय, वर्षभर तरी लागेल म्हणतात. तोवर प्रत्येक वळणावर एक खुर्ची ठेवायची परवानगी घेतली आहे. दोन खुर्च्या आजींच्या, एक धुलाईघरातून मुकादमाने दिली.

मनापासून सांग म्हणालीस. तर ऐक. मला कमावती ताई नको आहे, कमवायला मी आहे. रोज साठ किलो उचलतो, आणि तुझं वजन वैद्यकीय कागदावर एकोणपन्नास आहे, वकीलबाईंना विचारून घेतलं. ओल्या चादरींपेक्षा तू हलकी. सगळाच जिना उचलून नेईन म्हटलं तर तू विमानतळावरच टपली मारशील, म्हणून तसं म्हणत नाही. तू चढ. काठी टेकत, खुर्चीखुर्चीवर बसत, लागेल तितका वेळ घेत. मी मागून येईन. मोठ्याने मोज.

बावन्नावी आली की थांब, डोळे मीट आणि दोन्ही हात वर कर.

मशीनचं तेल नाही माझ्या अंगाला, साबणाचा वास येईल. मग दार.

आणि पुढे कधी कुणी अधिकाऱ्याने विचारलंच, तर छताकडे न बघता सांग, भावाच्या जिन्याला बावन्न पायऱ्या.

तुझा
भोपळ्या